घोड्याचा पाय मोडण्याआधीची बातमीही द्यावी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत बार्बारो या अमेरिकी घोड्यावर आलेला लेख वाचला. सोलापुरातून निघणाऱ्या दैनिकाने एका थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीच्या, घोड्याच्या कारकिर्दीला अर्धे पान दिले याचा मनापासून आनंद झाला. मात्र लेखात विजयाचे वर्णन जितके रंगले आहे, तितकाच शेवट घाईने उरकला आहे. ‘पाय मोडला, उपचार केले, पण अखेर त्याला मरण द्यावे लागले’ एवढ्यावर लेख संपतो. सिद्धेश्वर तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत त्यावर बरीच चर्चा झाली आणि घोडा कमाईचा राहिला नाही की मालकाला तो जड होतो, पैसे खर्च केले असते तर तो वाचला असता, असाच बहुतेकांचा सूर होता. नोकरीची बरीच वर्षे माळशिरस आणि पंढरपूर तालुक्यांत पशुवैद्यक म्हणून काढल्यामुळे मला यावर लिहिणे आवश्यक वाटते, कारण बार्बारोच्या बाबतीत तरी हे म्हणणे खरे नाही.

2006 च्या मे महिन्यात केंटकी डर्बी ही अमेरिकेतील मोठी शर्यत साडेसहा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकली, तेव्हा बार्बारो सहा शर्यती धावून एकदाही हरलेला नव्हता. दोनच आठवड्यांनी, 20 मे रोजी, बाल्टिमोरच्या प्रीकनेस शर्यतीत सुरुवातीलाच त्याचा उजवा मागचा पाय मोडला. जॉकी एडगर प्राडो याने त्याला तत्काळ आवरले आणि खाली उतरून मदत येईपर्यंत धरून ठेवले. दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये डॉ. डीन रिचर्डसन यांनी कित्येक तास शस्त्रक्रिया केली. खुराच्या वरच्या हाडाचे वीसहून अधिक तुकडे झाले होते. ते धातूची पट्टी आणि स्क्रू घालून बसवले गेले. मालक जॅक्सन दांपत्याने खर्चाकडे पाहिले नाही. तो मोडलेला पाय बऱ्यापैकी सांधतही आला होता, आणि ही गोष्ट लेखात यायला हवी होती. जुलैमध्ये दुखणे उद्भवले ते डाव्या मागच्या, म्हणजे धडधाकट पायाच्या खुरात. पुढे जानेवारीत दोन्ही पुढचे खूरही बिघडले, टेकायला एकही बिनवेदनेचा पाय उरला नाही आणि 29 जानेवारी 2007 रोजी त्याला शांतपणे मरण देण्यात आले.

याचे कारण घोड्याच्या शरीररचनेत आहे. साडेचारशे-पाचशे किलोंचे हे जनावर प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, त्या बोटाच्या नखावर म्हणजे खुरावर उभे असते. गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसते. नळीचे हाड, शिरा, कातडी एवढेच. त्यामुळे तिथे रक्तपुरवठा बेताचा असतो, जखम भरायला वेळ लागतो आणि हाड मोडताना कातडी फाटली तर जंतुसंसर्ग आवरणे फार कठीण जाते. माणसाला महिनाभर खाटेवर झोपवता येते, घोड्याला येत नाही. तो फार वेळ आडवा राहिला तर त्याच्याच वजनाने स्नायू आणि फुप्फुसे दबू लागतात. म्हणून तो उभा राहतो, आणि दुखऱ्या पायाचा भार दुसऱ्या बाजूच्या चांगल्या पायावर टाकतो. खुराच्या आत, हाड आणि खुराची भिंत यांना बांधून ठेवणारे नाजूक पापुद्रे असतात. एकाच पायावर आठवडेच्या आठवडे भार राहिला की त्यांचा रक्तपुरवठा आटतो, पकड सुटू लागते आणि हाड खुरात खाली बसते. यालाच लॅमिनायटिस म्हणतात. अशा घोड्याच्या खुरावर हात ठेवला तर तो गरम लागतो. सांध्यामागे बोटे टेकवली की एरवी जेमतेम कळणारी नाडी ठणठण उडत असते आणि घोडा क्षणाक्षणाला पाय बदलत राहतो. ही वेदना ज्याने जवळून पाहिली आहे, तो मरण देण्याच्या निर्णयाला निर्दयपणा म्हणणार नाही.

भूल उतरण्याची वेळ हाही मोठा धोका असतो. रफियन ही अमेरिकी घोडी दहापैकी दहा शर्यती जिंकली होती. 6 जुलै 1975 रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर फूलिश प्लेझर या घोड्याशी झालेल्या दुहेरी लढतीत तिचा पुढचा पाय मोडला. रात्री शस्त्रक्रिया झाली, पण शुद्धीवर येताच ती आडव्या अवस्थेतच शर्यतीत धावल्यासारखे पाय झाडू लागली आणि केलेले सगळे काम उधळले गेले. बार्बारोला भूल उतरताना पाण्याच्या तलावात तराफ्यावर तरंगत ठेवले होते, ते असे घडू नये म्हणूनच.

वाचलेले घोडेही आहेत, हे न सांगणे अन्यायाचे होईल. 1971 मध्ये इंग्लंडची डर्बी आणि पॅरिसची आर्क या दोन्ही शर्यती जिंकणाऱ्या मिल रीफचा डावा पुढचा पाय 1972 च्या ऑगस्टमध्ये सरावात मोडला. त्याची धावण्याची कारकीर्द तिथेच संपली, पण शस्त्रक्रियेनंतर तो जगला, कारण हाडाची मोड जुळण्याजोगी होती आणि महत्त्वाचे म्हणजे तो स्वभावाने इतका शांत होता की आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये मुकाट उभा राहिला. पुढे पैदाशीसाठी ठेवलेल्या या घोड्याच्या शर्ली हाइट्स (1978) आणि रेफरन्स पॉइंट (1987) या दोन मुलांनी इंग्लंडची डर्बी जिंकली. तेव्हा कोणता घोडा वाचेल हे मोड कुठे आहे, कातडी फाटली आहे का आणि घोडा कसा वागतो यावर ठरते. पैसा त्यानंतर येतो.

म्हणूनच पाय मोडण्याआधी काय घडते, याची बातमी मला अधिक मोलाची वाटते. कॅलिफोर्नियात 1990 पासून शर्यतीच्या मैदानांवर मरण पावणाऱ्या घोड्यांचे शवविच्छेदन केले जाते. त्यातून पुन्हापुन्हा दिसले की, जीवघेणी मोड बहुतेक वेळा अचानक होत नाही. हाडात त्याच जागी आधीपासून बारीक तडे किंवा ताणाची जुनी इजा असते. भरधाव घोड्याच्या एका पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. त्या भाराने झालेली झीज भरून काढायला हाडाला विश्रांती लागते, आणि ती न मिळता वेदनाशामक देऊन घोडा उतरवला, तर धोक्याची सूचना देणारी वेदनाच गप्प होते. 2018-19 च्या हंगामात सँटा अनिटा मैदानावर सुमारे तीस घोडे दगावले, तेव्हा अमेरिकेत ओरड झाली, औषधांचे नियम कडक झाले आणि उभ्या घोड्याच्या पायाचा स्कॅन करणारे यंत्र त्या मैदानावर आले. हे आधी होते तर त्यांतले काही घोडे आज जिवंत असते, असे मला राहून राहून वाटते.

आपल्याकडे थरोब्रेडच्या शर्यती मुंबई-पुण्यात होतात, सोलापुरात नाहीत. पण घोडा आपल्या जिल्ह्याला परका नाही. अकलूजचा घोडेबाजार दूरदूर प्रसिद्ध आहे, आणि आषाढीला रिंगणात माउलींचा अश्व धावतो तेव्हा त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावायला हजारो हात पुढे होतात. इतकी भक्ती असलेल्या या मुलखात घोडा विकत घेताना मात्र बहुतेक जण अंगावरचे शुभ-अशुभ भोवरे मोजतात, देवमण हा शुभ भोवरा शोधतात, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी आहे का पाहतात, आणि त्याच घोड्याला कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवून तो मान कुठल्या पायाला उचलतो हे पाहत नाहीत. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना मान वर उचलतो; एवढी साधी खूण ओळखायला पदवी लागत नाही. वरातीत तापल्या डांबरावर तासन्‌तास नाचवलेल्या आणि दुसऱ्या दिवशी सुई टोचून पुन्हा उभ्या केलेल्या घोड्या मी तपासल्या आहेत. त्यांच्या मालकांना घोडीची माया नव्हती असे नाही. लंगडणे ही विश्रांतीची मागणी आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. बार्बारोच्या लेखाला जोडून त्याच्या उपचारांची आणि लॅमिनायटिसची माहिती एखाद्या पशुवैद्यकाकडून लिहून घेऊन छापावी. दुसरे म्हणजे, अकलूजच्या बाजाराची बातमी देताना सर्वांत महाग घोडा कितीला गेला याच्याबरोबरच किती घोड्यांचे पाय आणि खूर तपासले गेले, किती लंगडे निघाले, हेही आपल्या वार्ताहराने विचारावे आणि छापावे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक,
सोलापूर