शेवटचा महिना आपोआप निवडणाऱ्या सूत्राबद्दल आभार

माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

गूगल शीट्समधील वाढत जाणाऱ्या तक्त्यातून फक्त सर्वांत अलीकडच्या महिन्याच्या नोंदी आपोआप निवडल्या जाव्यात, या माझ्या प्रश्नावर आपण तयार सूत्र पाठवून थांबला असता, तरी काम भागले असते. ते सूत्र तसेच का लिहायचे हेही आपण समजावून दिलेत, आणि हे जाहीर आभार मुख्यतः त्यासाठी आहेत.

क्वेरी, म्हणजे तक्त्यातून अटीनुसार नोंदी निवडणारे शीट्समधील फंक्शन. तिच्या 'व्हेअर' म्हणजे अट लिहिण्याच्या भागात सर्वांत मोठी किंमत शोधणारे 'मॅक्स' चालत नाही आणि तिच्या भाषेत उपक्वेरीचीही (एका क्वेरीच्या आत दुसरी क्वेरी लिहिण्याची) सोय नाही. म्हणून सर्वांत मोठी तारीख आधी शीटच्या मॅक्स फंक्शनने शोधायची, इओमंथच्या साहाय्याने मागील महिन्याचा शेवटचा दिवस काढून त्यात 1 मिळवायचा, आलेल्या पहिल्या तारखेला टेक्स्ट फंक्शनने 2024-03-01 असे रूप द्यायचे आणि 'डेट' या शब्दापुढे एकेरी अवतरणचिन्हांत ती जोडायची, हा क्रम आपण उलगडून दाखवलात. क्वेरीला दिलेली अट म्हणजे अखेर मजकूरच, हे एकदा उमगले की अवतरणचिन्हांची ती गर्दी बुचकळ्यात टाकत नाही. क्वेरीतील 'मंथ' जानेवारीला 0 मानते आणि केवळ महिन्याचा क्रमांक तपासल्यास निरनिराळ्या वर्षांचे मार्च एकत्र येतात, हा इशाराही मोलाचा होता.

सर्वाधिक उपयोगी पडला तो मात्र तारखांच्या स्तंभाविषयीचा खुलासा. एकाच स्तंभात खऱ्या तारखा आणि तारखेसारखा दिसणारा मजकूर मिसळलेला असेल, तर क्वेरी बहुसंख्य प्रकार ग्राह्य धरते आणि उरलेल्या नोंदी रिकाम्या समजते. मॅक्सही मजकुराकडे दुर्लक्ष करते. परिणामी नव्या महिन्याच्या तारखा मजकूर म्हणून उतरल्या असतील, तर कोणतीही त्रुटी न दाखवता मागचाच महिना 'ताजा' म्हणून समोर येतो, आणि आकडे विश्वासार्ह वाटत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. शीर्षक वगळून त्या स्तंभावर काउंट (केवळ आकडे व खऱ्या तारखा मोजणारे) आणि काउंटए (मजकुरासह सर्व भरलेले सेल मोजणारे) यांची उत्तरे ताडून पाहण्याची आपली युक्ती इतकी साधी आहे की ती सूत्राच्या आधीच शिकवली जावी, असे माझे मत झाले आहे.

निव्वळ ओळी निवडायच्या असतील तर फिल्टर फंक्शन पुरेसे आहे, हेही आपण मोकळेपणाने सांगितलेत. मला निवडीबरोबर गटवार बेरीज हवी असल्याने क्वेरीच सोयीची ठरली.

आपल्या सूचनेनुसार कालावधीची पहिली तारीख स्वतंत्र सेलमध्ये ठेवली आहे. त्यामुळे महिन्याऐवजी तिमाहीची मागणी आली, तेव्हा केवळ त्या सेलमधील सूत्र बदलावे लागले. क्वेरीला हात लावण्याची गरज पडली नाही.

आपला आभारी,
एक शीटधारक