तोडणी-वाहतुकीचा हिशेब सभासदांपुढे यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा सध्या जागोजागी होत आहेत. एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, एकरकमी द्यावी की टप्प्याटप्प्याने, यावर गेली काही वर्षे बरेच बोलले गेले, आणि टप्प्यांना मुभा देणारा २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केल्याने त्या वादात शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे न दिल्यास १५ टक्के व्याज द्यावे, हा नियम तर आधीपासूनच आहे. पण एफआरपीतून आधीच वजा होणाऱ्या तोडणी-वाहतूक खर्चाबद्दल सभेत कोणी फारसे विचारत नाही.

हा खर्च सहसा सरासरीने कापला जातो. माझे शेत कारखान्यापासून सहा किलोमीटरवर आहे, तरीही साठ किलोमीटरवरून येणाऱ्या उसाइतकीच कपात माझ्या बिलातून होते. लांबच्या गावचा सभासद आपलाच असल्याने त्याचा भार थोडा उचलण्यास माझी हरकत नाही. मात्र गाळप वाढवण्यासाठी बाहेरून गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा बिगर-सभासदांचा ऊस, आणला जातो, तेव्हा सरासरी वाढते आणि ज्यांच्या भागभांडवलावर कारखाना उभा राहिला त्यांच्याच उसाचा निव्वळ दर खाली येतो. टनामागे शंभर रुपये जास्त कापले, तर एकरी पन्नास टन काढणाऱ्याचे एकरामागे पाच हजार रुपये जातात. शिवाय वाहनाची एन्ट्री (चालकाला द्यायचे पैसे) आणि तोडणी टोळीची खुशाली (वरचे पैसे) रोखीने द्यावी लागते ती वेगळीच. तोडकऱ्यांना मजुरी पुरेशी मिळाली असती, तर त्यांना खुशाली मागावी लागली नसती, असे मला मनापासून वाटते.

गेल्या वर्षी मी आमच्या सभेत याबद्दल लेखी प्रश्न दिला होता. तो वाचला गेला नाही. विषयपत्रिकेवरील सर्व विषय ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात अर्ध्या तासात आटोपले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभारला, तेव्हा शेतकरी हा नुसता ऊस पुरवणारा नसून मालक आहे, हाच त्यामागचा विचार होता. मालकाला खर्चाचा तपशील मागावा लागू नये, आणि मागितलाच तर तो नाकारला जाऊ नये.

तेव्हा प्रत्येक कारखान्याने अहवालात सभासदांचा ऊस व गेटकेन यांचे टनेज आणि वाहतूक खर्च वेगवेगळे छापावेत, कपात अंतराच्या टप्प्यांनुसार करावी आणि तोडणी-वाहतूक ठेकेदारांकडे अडकलेल्या उचलीची (आगाऊ दिलेल्या पैशांची) रक्कम सभेपुढे ठेवावी. हा सारा तपशील कारखान्याच्या शेती विभागाकडे असतोच. अहवाल छापण्यापूर्वी त्यात चार पाने वाढवावीत, एवढीच सर्व संचालक मंडळांना विनंती आहे.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद, सांगली जिल्हा