सायकलने कामावर जाणाऱ्यांचा मार्ग नकाशावर आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्यांचे रुंदीकरण, काँक्रीटीकरण आणि उड्डाणपूल यांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी वाचायला मिळतात; परंतु त्याच रस्त्यांवरून रोज सायकलने कामावर, शाळेला आणि बाजाराला जाणाऱ्या माणसांनी कोणत्या बाजूने जायचे, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच येतो. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योगाबाहेर काम करणाऱ्यांना कामावर कसे जाता, असे विचारले होते, तेव्हा देशभरातील सुमारे १३ टक्के लोकांनी सायकल हे उत्तर दिले होते. त्यानंतर घरोघरी मोटारसायकली आल्या, तरी आमच्या सांगली जिल्ह्यातील पलूस, कुंडल, किर्लोस्करवाडी, भिलवडी या पट्ट्यात पहिल्या पाळीच्या वेळी हँडलला डबा अडकवून निघालेले कामगार आजही दिसतात. बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून ज्यांच्या उद्योगाची सुरुवात झाली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये जिथे कारखान्याची वसाहत उभी केली, त्या भागाला सायकल नवीन नाही.

दोन गावांमधला सायकलचा मार्ग मोटारीच्या मार्गाहून वेगळ्या निकषांवर निवडावा लागतो. ही निवड आज प्रत्येक सायकलस्वार एकटा, स्वतःच्या जिवाची जोखीम पत्करून करतो. जिल्हा परिषदेने ग्रामपंचायतींना सोबत घेऊन ती एकदा नीट करावी आणि मार्ग नकाशावर आणावेत, एवढेच माझे मागणे आहे.

आमच्या भागाची रचना या कामाला अनुकूल आहे. दक्षिणेला कृष्णा नदी, उत्तरेला सागरेश्वरचे डोंगर आणि मधल्या सपाट पट्ट्यातून कराड–ताकारी–पलूस–तासगाव रस्ता, पुणे–मिरज लोहमार्ग आणि खोडशीच्या बंधाऱ्यातून निघालेला कृष्णा कालवा जातो. मुख्य रस्ता सर्वांत सरळ असल्यामुळे नवखा माणूस साहजिकच तोच धरतो. परंतु दुपदरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारण ७ मीटर असते, आणि समोरासमोर दोन मोठी वाहने आली की सायकलस्वाराला साइडपट्टीवर उतरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ती साइडपट्टी पावसात खचलेली असते, डांबराची कड वीतभर उंच राहिलेली असते, आणि तिच्यावरून खाली उतरताना पुढचे चाक तिरपे पडले की माणूस कोसळतो. जिथे रुंदीकरणात दोन्ही बाजूंना दीड मीटरची डांबरी पट्टी मिळते, तिथे सायकलला खरोखर जागा होते. पण सुगीत त्याच पट्टीवर सोयाबीन आणि मका वाळत पडतो, आणि गावाजवळ वाहने उभी केली जातात.

गळीत हंगामाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत आमच्याकडचा रस्ता उसाच्या वाहनांचा असतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ओलांडून पुढे जाईपर्यंत सायकलस्वाराला श्वास रोखून धरावा लागतो. पहिली ट्रॉली गेली म्हणून तो सावरतो, तोच किंचित डोलत येणारी दुसरी ट्रॉली जवळ येते, आणि बाहेर आलेल्या उसाची टोके खांद्याच्या उंचीवर असतात. रात्री मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसला, तर रस्त्यात उभी असलेली ट्रॉली अगदी जवळ पोहोचेपर्यंत कळत नाही. वाहनमालकांनी रिफ्लेक्टर लावलेच पाहिजेत, आणि ते तपासणाऱ्यांनी गाळप सुरू होण्यापूर्वीच तपासले पाहिजेत. तोवर शहाण्या सायकलस्वाराने हंगामात कारखान्याकडे जाणारे रस्ते टाळावेत, हेच योग्य.

ते टाळायचे, तर पर्याय कोणता? माझ्या अनुभवात पहिला पर्याय ग्रामीण मार्गांचा आहे. हे रस्ते बहुधा ३.७५ मीटर किंवा त्याहून कमी रुंदीचे असतात, आणि त्यांची अरुंदी सायकलच्या फायद्याची ठरते, कारण मागून येणाऱ्या वाहनाला वेग कमी केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. या वाटेने दोन किलोमीटर जास्त पडले, तर ताशी १२ ते १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाची आठ-दहा मिनिटे जातात. तेवढा वेळ देऊन मोठ्या वाहनांची धास्ती टळत असेल, तर सौदा महाग नाही. दुसरा पर्याय कालव्यालगतच्या रस्त्याचा. पाणी उताराने वाहून न्यायचे असल्यामुळे कालवा जमिनीची पातळी सांभाळून आखलेला असतो. त्यामुळे त्याच्या कडेने जाणारी वाट जवळजवळ चढ-उतारांशिवाय मिळते, आणि जुन्या कालव्यांवर झाडांची सावलीही असते. मात्र तिथे कठडा नसतो, वेड्या बाभळीचे काटे आणि सराटे यांनी पंक्चरची खात्रीच असते, आणि अंधारात ती वाट धरणे सरळसरळ धोक्याचे आहे. तिसरा पर्याय पाणंदीचा, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेचा. पण तो ऋतू पाहूनच घ्यावा. आमच्या काळ्या रानात जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल असा घट्ट बसतो की चाक फिरायचे थांबते, काडीने तो उकरून दहा पावले जावे तोवर पुन्हा भरतो, आणि शेवटी सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

मार्ग निवडताना लोक रस्त्यापासून सुरुवात करतात; खरे तर ती ओलांडण्याच्या जागांपासून केली पाहिजे. पलूसहून तासगावला जायचे तर येरळा नदी ओलांडावीच लागते, आणि पूल मोजकेच असल्यामुळे बाकीचा मार्ग आपोआप त्यांच्याशी बांधला जातो. कमी उंचीचे फरशी पूल उन्हाळ्यात उत्तम, पण नदीला पाणी आले की ते बंद होतात. लोहमार्गाचेही तसेच आहे: फाटक बंद करून जिथे भुयारी मार्ग केला आहे, तिथे पावसाळ्यात पाणी साचले की खड्डा दिसत नाही आणि सायकल ढकलतही नेता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी नदीकाठच्या वाटांवर किती विसंबायचे, हेही आम्हाला शिकवले आहे. म्हणून सुक्या दिवसांचा, पावसाळ्याचा आणि रात्रपाळीचा असे तीन वेगळे मार्ग ठरवावे लागतात. रात्रीचा मार्ग थोडा रहदारीचा असला तरी वस्तीतून जाणारा असावा, असे माझे ठाम मत आहे. निर्जन पाणंदीत साखळी तुटली किंवा कुत्री मागे लागली, तर हाक मारायला कोणी नसते, आणि स्त्रियांच्या दृष्टीने तर हा मुद्दा निर्णायक आहे.

मार्ग निश्चित करण्यासाठी नवीन जमीन संपादन करण्याची गरज फारशी पडणार नाही. जुन्या गाव नकाशांवर शीव रस्ते (गावांच्या हद्दीवरचे रस्ते), गाडीमार्ग आणि पायमार्ग आखलेले आहेतच. त्यांतील अनेक नांगरटीत अरुंद झाले आहेत, काही अडवले गेले आहेत. अडवलेली वाट खुली करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे, हद्दीवरून रस्ता देण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे, आणि २०२१ पासून पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आहे. शेतमालाची वाहतूक हा या योजनेचा मुख्य हेतू आहे आणि तो तसाच राहावा. मात्र कोणती पाणंद आधी घ्यायची, हे ठरवताना ती दोन गावांना जोडते का, या प्रश्नाला वजन मिळावे. पुष्कळदा संपूर्ण वाट तयार असते आणि मध्येच रस्त्याखालून पाणी जाणारी एखादी मोरी वाहून गेलेली असते, किंवा दोन ग्रामपंचायतींच्या शिवेवरचा तुकडा दोघींनीही सोडून दिलेला असतो. एका गावाचे डांबर संपते तिथपासून दुसऱ्या गावाचे सुरू होते तिथपर्यंतचा हा तुकडा कोणाच्याच आराखड्यात येत नाही. तेवढ्यासाठी लोक मुख्य रस्त्यावर ढकलले जातात.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. ही योजना मोलाची आहे. परंतु सायकल देताना मुलगी कोणत्या रस्त्याने जाणार, हेही पाहिले गेले पाहिजे, आणि जिथे ही योजना नाही तिथल्या मुलींसाठीही ते पाहिले गेले पाहिजे.

माझी जिल्हा परिषदेला विनंती आहे की पलूस–तासगाव आणि भिलवडी–किर्लोस्करवाडी या दोन जोड्या प्रथम घ्याव्यात. बांधकाम विभाग, पाटबंधारे विभाग आणि संबंधित ग्रामपंचायती यांनी एकत्र बसून, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोज सायकल चालवणाऱ्या चार माणसांना बरोबर घेऊन, ही वाट प्रत्यक्ष फिरून पाहावी. खचलेल्या साइडपट्ट्यांत मुरूम भरून दबाई करणे, मोऱ्या दुरुस्त करणे, कालव्याच्या धोक्याच्या वळणांवर कठडे बसवणे आणि फाट्यांवर गावाचे नाव व अंतर लिहिलेले साधे फलक लावणे, एवढे पहिल्या वर्षी पुरे आहे. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घेतला, तर त्यातील मुरूम आणि मोऱ्यांची कामे पावसाळ्यापूर्वी उरकता येतील. कठडे आणि फलक दिवाळीपर्यंत, म्हणजे कारखान्यांचे गाळप जोरात सुरू होण्याआधी, लागले पाहिजेत.

आपला विश्वासू,
पलूस तालुक्यातील एक सायकलस्वार वाचक