रेसिडेन्सीतला यंगहजबंड

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रोज सकाळी रेसिडेन्सी कोठीवरून फिरायला जातो. परवा नातीला म्हटलं, तिबेटवर फौज नेणारा फ्रान्सिस यंगहजबंड त्याआधी इथंच, इंदुरात रेसिडेंट, म्हणजे संस्थानातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी होता. तिला पटेना! 1903 मध्ये शिवाजीराव होळकर गादीवरून उतरले आणि त्याच वर्षी व्हाइसरॉय कर्झननं यंगहजबंडला तिबेटकडे धाडलं. 1887 मध्ये, अवघ्या चोवीस वर्षांचा असताना, गोबीचं वाळवंट तुडवून काराकोरममधली मुझताघ खिंड ओलांडणारा हा गडी. त्या हिमतीला मुजरा. पण 1904 मध्ये तिबेटातल्या गुरू गावाजवळ त्याच्या फौजेनं तोड्याच्या बंदुका घेतलेल्या तिबेट्यांवर मशीनगन चालवल्या, शेकडो मेले. तेव्हा नुसतं ‘धाडसी प्रवासी’ म्हणून कसं भागेल? आपल्या रविवार पुरवणीत त्याच्यावर सविस्तर छापा. कोठीजवळ फिरणारे आम्ही म्हातारे नक्की वाचू.

– एक निवृत्त शिक्षक, इंदूर