मासळीच्या आकड्यांशेजारी पक्ष्यांचीही नोंद हवी : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : समुद्री पक्ष्यांच्या आहाराची कायमस्वरूपी नोंद सुरू करण्याबाबत.

माननीय महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या राज्यात मासेमारीचे नियम ठरवताना बंदरावर उतरलेल्या मासळीचे आकडे पाहिले जातात. त्याच मासळीवर जगणाऱ्या इतर जीवांचे काय चालले आहे, हे मात्र पाहिले जात नाही. ही उणीव फार खर्च न करता भरून काढता येईल, असे माझे अनुभवांती मत झाले आहे, म्हणून हे पत्र. मी पुण्यात राहते आणि समुद्री पक्षी काय खातात याचा अभ्यास करते.

बंदरावरच्या आकड्यांचे मोल मला पूर्णपणे मान्य आहे. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून काम करते आहे आणि तिच्या नोंदींशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही. पण उतरलेली मासळी म्हणजे समुद्रातली मासळी नव्हे. तो आकडा बोटी किती गेल्या, डिझेल काय भावाने मिळाले, जाळ्याचा आस (भोकांचे माप) केवढा होता आणि बाजारात कशाला उठाव होता, यांवरही हलतो. शिवाय तो उशिरा हलतो. तारलीचेच पाहा. केरळात २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन तारली उतरली आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांहूनही कमी. असा आकडा कागदावर येतो तेव्हा मच्छीमाराचा हंगाम हातचा गेलेला असतो. सुरय पक्षी मात्र पाण्याच्या वरच्या थरातले लहान मासे टिपतो, म्हणजे बाजारात येण्याच्या आकाराची व्हायची असलेली पिल्ले. ती पिल्ले कमी झाली की त्याची झळ सुरयाच्या घरट्याला आधी बसते.

ही केवळ कल्पना नाही. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सात सागरी परिसंस्थांमधल्या चौदा पक्षिजातींचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान माशांचा साठा त्याच्या नोंदलेल्या कमाल पातळीच्या एक तृतीयांशाखाली गेला की पक्ष्यांची पिल्ले जगण्याचे प्रमाण घसरू लागते, असे त्यात दिसून आले. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यालगत सँडईल या लहान माशाची मासेमारी २००० साली थांबवली गेली, तेव्हा किटिवेक पक्ष्यांच्या विणीचे वर्षानुवर्षांचे आकडे निर्णय घेणाऱ्यांसमोर होते. आपल्यासमोर अरबी समुद्राबद्दल असे काय आहे, याचे उत्तर देताना मला संकोच वाटतो.

पक्ष्याचा आहार कळतो कसा, हे थोडे विस्ताराने सांगते, कारण पुढच्या मागण्या त्यावरच उभ्या आहेत. सुरयाचे पिल्लू वजन करण्यासाठी हातात घेतले की अनेकदा ते पोटातले ओकून टाकते. त्यात कधी अख्खा मासा असतो, कधी नुसता कणा, आणि कधी सगळे विरघळून माशाच्या कानातले चुनखडीचे दोन खडे तेवढे उरलेले असतात. ढोम्याचा खडा जाड असतो, सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येतो. तारलीचा इतका नाजूक, की तो पोटातल्या आम्लात कडा झिजलेला, अर्धामुर्धा मिळतो. म्हणून नुसत्या खड्यांवर भिस्त ठेवली तर ढोमा जास्त आणि तारली कमी खाल्ल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हाकूल (स्क्विड) आपली चोच मागे ठेवते. जवळ्याचा जवळजवळ मागमूसही राहत नाही. विष्ठेतल्या डीएनएवरून आता ही कसर बरीच भरून निघते.

पिसांतून आणखी एक गोष्ट कळते. अन्नसाखळीत एक पायरी वर चढले की शरीरातल्या नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचे (त्याच मूलद्रव्याच्या जरा जास्त वजनाच्या अणूंचे) प्रमाण साधारण हजारात तीन ते चार इतके वाढते, आणि पीस वाढत असतानाचे हे प्रमाण त्या पिसात कायमचे राहते. पिल्लाचे पीस त्यामुळे विशेष मोलाचे ठरते, कारण ते आईबापांनी वसाहतीच्या आसपासच्या पाण्यातून आणलेल्या अन्नावर वाढलेले असते. प्रौढ पक्ष्याने आपले पीस कुठल्या दूरच्या समुद्रात बदलले, हे सांगता येत नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या १८८३ पासूनच्या संस्थेच्या संग्रहात कित्येक दशकांपूर्वीचे पक्षी जपून ठेवलेले आहेत. त्यांच्या पिसांचा बारीकसा तुकडा तपासला तर यांत्रिक बोटी येण्यापूर्वी आपल्या समुद्रातला पक्षी अन्नसाखळीत कुठे उभा होता, हे आजही काढता येईल. मला या शक्यतेचे राहून राहून अप्रूप वाटते.

या पद्धतीच्या मर्यादाही आपल्यासमोर ठेवणे माझे कर्तव्य आहे. ट्रॉलरमागे फिरणारे कुरव पक्षी बोटीवरून फेकून दिलेली मासळी खातात, तेव्हा त्यांच्या पोटात समुद्राइतकीच बोटही दिसते. एका जातीवरून सगळ्या समुद्राचे अनुमान बांधू नये. पक्ष्यांची नोंद बंदरावरच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचायची आहे, त्यांच्या जागी नव्हे.

आमच्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) गेल्या सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले असावे. पाणी तापल्याने वरचा आणि खालचा थर मिसळेनासा होतो आणि तळाकडची पोषकद्रव्ये वर येत नाहीत, हे त्यामागचे कारण. अन्नसाखळीचा पाया असा आक्रसत असताना वरच्या पायऱ्यांवर काय होते आहे, हे आपण मोजलेच पाहिजे.

आता मागण्यांकडे वळते. पहिली मागणी मृत पक्ष्यांची. दर पावसाळ्यात वादळवाऱ्याने बूबी, शिअरवॉटर यांसारखे खोल समुद्रातले पक्षी कोकण किनाऱ्यावर येऊन पडतात. जिवंत असलेल्यांवर पक्षिमित्र आणि वनकर्मचारी मनापासून उपचार करतात. मेलेले पुरले जातात, आणि त्यांच्याबरोबर पोटातला मासा, प्लास्टिक आणि पिसांतली माहितीही पुरली जाते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे परवानगीविना पीससुद्धा जवळ ठेवता येत नाही. हे योग्यच आहे, पण प्रत्येक पक्ष्यासाठी स्वतंत्र परवानगी मागत बसले तर हंगाम कागदांतच सरतो. वनखात्याशी बोलून एक स्थायी परवानगी आणि प्रत्येक किनारी जिल्ह्यात एक डीप फ्रीझर, एवढीच व्यवस्था पुरेशी आहे. दोन्ही खात्यांनी हातात हात घालून काम केल्याचे उदाहरण आपल्याकडे आहेच : कासवासारखा संरक्षित जीव सोडवताना जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना २०१८ पासून राबवली जाते आणि मच्छीमारांनी तिला चांगली साथ दिली आहे.

दुसरी मागणी वेंगुर्ल्यासमोरच्या खडकबेटांची. तेथे सुरयांची वीण होते, आणि ते पिल्लांना काय भरवतात याची नोंद तेथे व्हावी. पक्षी उठवले तर अंडी उन्हात भाजतात आणि पिल्ले शिकारी पक्ष्यांच्या तावडीत सापडतात, म्हणून बहुतेक काम लांबून, चोचीत मासा घेऊन येणाऱ्या पक्ष्यांची छायाचित्रे काढून करावे लागेल. छायाचित्रात माशाची जात ओळखू येते आणि चोचीच्या मापावरून त्याची लांबीही काढता येते. हाताळायची पिल्ले अगदी मोजकी असावीत.

परंतु सर्वांत कळकळीची विनंती मुदतीबद्दल आहे. तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर होतो, अहवाल येतो आणि काम थांबते. तीन वर्षांत मात्र एक चांगला आणि एक वाईट पावसाळा दिसतो, कल दिसत नाही. स्कॉटलंडच्या आइल ऑफ मे बेटावरची समुद्री पक्ष्यांची नोंद १९७०च्या दशकापासून सुरू आहे, म्हणून तिला वजन आहे. हे काम खात्याच्या नियमित अर्थसंकल्पात लहानशा रकमेने का होईना, पण कायमचे यावे.

पक्ष्यांचे नाव निघाले की आणखी एक बंदी येणार, अशी धास्ती किनाऱ्यावर असते आणि ती मला समजते. पर्ससीन जाळ्यांवरचे (थवाच्या थवा वेढून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांवरचे) २०१६ चे निर्बंध असोत किंवा २०२३ मध्ये ५४ प्रजातींचे मासे पकडण्यासाठी ठरवलेले किमान आकारमान असो, ते नियम मुळात लहान मच्छीमाराच्या उद्याच्या मासळीसाठी आहेत. कोवळी तारली आणि बांगडा फिशमीलच्या (मासळीची भुकटी करण्याच्या) कारखान्यात जातो तेव्हा सुरय आणि बिगरयांत्रिक होडीवाला, दोघांचेही नुकसान होते. किमान आकारमानाचा नियम पाळला जातो की नाही, याचा परिणाम समुद्रात दिसतो का, हे तपासायला पक्ष्यांची नोंद थेट उपयोगी पडेल. ती दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करून मच्छीमार सहकारी संस्थांकडेही पाठवावी.

पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते आणि वादळात भरकटलेले पक्षी बहुतांशी त्याच सुमारास किनाऱ्याला लागतात. मृत पक्ष्यांबाबतचे परिपत्रक त्यापूर्वी निघाले, तर येत्या पावसाळ्यापासूनच नमुने हाती येऊ लागतील. नमुने कसे उचलावेत, हातमोजे व बर्ड फ्ल्यूची खबरदारी कशी घ्यावी आणि नोंद कोणत्या तक्त्यात करावी, याचा मसुदा विनामोबदला तयार करून देण्यास आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन कर्मचाऱ्यांना तो समजावून सांगण्यास मी तयार आहे. आपण वेळ द्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
समुद्री पक्ष्यांच्या आहाराची एक अभ्यासक,
पुणे