पोस्टातल्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण मेलबर्नचं पार्सल पोहोचलं, पैसे खात्यात जमा झाले, आणि तेव्हापासून तुम्हाला चार ओळी लिहिल्याशिवाय चैन पडत नव्हतं. कसबा पेठेतली तांबट आळी, तांब्याची घंगाळी आणि सोबत धोतर-टोपीतले माझे सासरे, एवढं सांगितलं की तुम्हाला आठवेलच.

मामंजी अजून रोज सकाळी माठारकामाला बसतात. हातोडीचा प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला भिडला पाहिजे, पण त्याच्यावर चढता कामा नये. घंगाळाचा काठ येईपर्यंत ती ओळ कुठे मोडत नाही. हे काम बघून परदेशातली माणसं फोटो मागवतात, भाव विचारतात. अडत होतं ते माल तिथवर पोहोचवण्यापाशी.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका सल्लागाराकडे गेलो होतो. निर्यातीसाठी लागणारा आयईसी कोड डीजीएफटी या सरकारच्या परदेश व्यापार खात्याच्या वेबसाइटवर 500 रुपये फी भरून घरबसल्या मिळतो. सल्लागाराने त्या फीच्या कितीतरी पट घेतले, वर ‘फाइल हलवावी लागते’ असं सांगितलं. मालाला कुठला एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आकडा, लावलात विचारलं तर म्हणाला, “वहिनी, ते आमच्यावर सोडा, तुम्हाला नाही कळायचं.” एलयूटी, म्हणजे जीएसटीसाठी द्यायचं हमीपत्र, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तो फॉर्म दर आर्थिक वर्षाला भरला की निर्यातीच्या मालावर आधी आयजीएसटी हा कर भरून परताव्याची वाट बघत बसावं लागत नाही, आणि त्याला फीसुद्धा नाही. आमच्यासारख्यांचं भांडवलच केवढं असतं! ते असं अडकून पडलं तर पुढचा पत्रा कशाने आणायचा? त्या माणसाचा मला आजही राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

पोस्टाने 2022 मध्ये डाक घर निर्यात केंद्रं सुरू केली, कस्टम्सला मालाची माहिती देणारा निर्यातीचा फॉर्म तिथून ऑनलाइन भरता येतो, हे आम्हाला आळीतल्याच एकाने सांगितलं. तुमच्या टेबलाशी आलो तेव्हा इथेही कुणीतरी ‘उद्या या’ म्हणेल अशीच मनाची तयारी होती.

तुम्ही कागद बघितलेत आणि एक गोष्ट केलीत. कॉम्प्युटरचा स्क्रीन दोन्ही हातांनी धरून आमच्या बाजूला वळवलात. कीबोर्ड माझ्यापुढे सरकवलात. म्हणालात, “तुम्हीच भरा, मी इथे आहे.”

मॅडम, एवढं आजवर कुणीच केलं नव्हतं. बँक असो, एजंट असो, स्क्रीन कायम त्यांच्याकडे आणि आम्ही पलीकडे, त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत. त्या दिवशी एचएस कोडचे 7418 हे पहिले चार आकडे मी स्वतः टाइप केले आणि त्यापुढे तांब्याची स्वयंपाकघरातली, घरगुती भांडी असं वर्णन मला दिसलं. या कोडचे पहिले सहा आकडे जवळपास सगळ्या जगात सारखेच असतात, म्हणजे मेलबर्नचा कस्टम्सवालाही तेच वाचणार, हे तुम्ही सांगितलंत. मामंजी चष्मा पुसून वाकून बघत होते. त्यांच्या कामाला जगाच्या यादीत जागा आहे, हे त्यांनी त्या स्क्रीनवर पहिल्यांदा पाहिलं. घरी येताना रिक्षात ते तेवढंच बोलत होते.

मग तुम्ही खोकं उघडायला लावलंत. आमच्या आळीत भांडी पेंढ्यातच बांधायची रीत. तुम्ही म्हणालात, ऑस्ट्रेलियाला पेंढा अजिबात चालत नाही, किडीच्या भीतीने माल बंदरावरच अडवतील. मागे रांग होती, तरी तुम्ही सहकाऱ्याला तुमची जागा देऊन आत गेलात, बबल रॅपची गुंडाळी आणलीत आणि घंगाळांच्या कड्या आमच्याबरोबर स्वतः गुंडाळल्यात. रांगेतल्या कुणी कुरकुर केली नाही, हेही पुण्यात नोंदवण्यासारखं!

मला वाटतं, माणसाचा चांगुलपणा यातच कळतो. स्वतःला माहीत असलेलं तो मुठीत धरून ठेवतो की समोरच्यापुढे उघडं करतो? मामंजींनी आळीतल्या कितीतरी पोरांना ठोका शिकवला, कधी कुणाकडून पैसा घेतला नाही. तुम्ही खुर्चीत बसून तेच करता. पगार तर प्रत्येक टेबलामागच्या माणसाला मिळतो, पण खुर्चीवरून उठून आत जाणारी माणसं फार थोडी. आपल्या पेठांमधून बुरूड, कुंभार, पैठणीच्या पर्स शिवणाऱ्या बायका अशी किती मंडळी आहेत, ज्यांचा माल बाहेर खपेल, पण ज्यांच्यासमोर कुणी स्क्रीन वळवलेला नाही.

मेलबर्नच्या बाईंनी आणखी सहा घंगाळी मागवली आहेत. शेजारच्या घरातल्यांना बंब पाठवायचे आहेत. त्यांचा आयईसी आम्ही आमच्याच मोबाइलवरून काढला, एलयूटीही भरून झालं. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन येते. बबल रॅप या वेळी आम्ही घेऊन येऊ.

तुमची मनापासून ऋणी,
तांबट आळीतली एक सून