तिरफळाचा वास

ओसाका, एप्रिलचा तिसरा रविवार

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं की आई "जेवलीस काय?" विचारते आणि गाडी तिथेच अडते. या वेळी जेवणाचंच सांगायचंय, म्हणून पत्र.

काल ऑफिसातल्या एक बाई मला क्योतोच्या दक्षिणेला फुशिमीत जेवायला घेऊन गेल्या. दुपारचं काइसेकी. ताट नाही, एकामागून एक वाट्या येत राहतात. रात्री हेच जेवण फार महाग पडतं, म्हणून शहाणी माणसं दुपारी जातात.

एप्रिल म्हणजे बांबूच्या कोंबांचा महिना. कोंब जमिनीबाहेर डोकावायच्या आत, माती जराशी फुगलेली बघून खणून काढतात. उजेड लागला की कडू होतो. मग तांदळाचा कोंडा आणि सुकी मिरची घालून उकडायचा आणि त्याच पाण्यात निवू द्यायचा. मला तुझी पातेली आठवली आई, चिरलेले कोंब रात्रभर भिजत घातलेली. इथे मात्र मसाला नाही, खोबरं नाही. सुक्या माशाच्या फिकट पाण्यात कोंबाच्या दोन फोडी, शेजारी वाकामे नावाचं समुद्रातलं शेवाळ. डोंगरातलं आणि समुद्रातलं एकाच मोसमात येतं, म्हणून एका वाटीत. पहिला घास अळणीच लागला. तिसऱ्याला गोडी कळली.

आणि वर एक इवलंसं पान. आचाऱ्याने ते तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने फट्कन टाळी वाजवली आणि कोंबावर ठेवलं. वास आला तो थेट आपल्या स्वयंपाकघराचा! तिरफळ! बांगड्याच्या तिखल्यात ठेचून टाकतेस ना, तेच. जिभेला तश्शाच मुंग्या, फक्त हलक्या. या झाडाला इथे सान्शो म्हणतात, आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, काट्यांसकट. आपण फळाची साल घेतो, हे वसंतात कोवळी पानंही खातात. मी त्या बाईंना सांगत सुटले, आमच्या परसात याच घराण्याचं झाड आहे. त्यांना बांगडा कळला, तिखलं काही कळलं नाही.

मधे कच्चा मासा आला. बाबा, तुम्ही हात लावला नसतात. मी खाल्ला.

आता आई, कपाळाला आठी नको. साके घेतली, म्हणजे इथली तांदळाची दारू. दोन पेल्या, त्याही आपल्या बोंडल्याएवढ्या. आपली पेली आपण भरायची नाही, समोरच्याने भरायची, त्यामुळे हिशोबही चुकतो. इथे देवळांतून साकेची पिंपं रचलेली असतात. आपल्या गावच्या राखणदार देवाला चालते, मग मला दोन पेल्या चालायला हरकत नाही.

बाबा, तुमची नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून हे तुमच्यासाठी. फुशिमी म्हणजे साकेचं गाव, आणि ती साके इथल्या पाण्यावर उभी आहे. कोबेकडच्या नादा भागातही साके करतात. तिथल्या पाण्यात क्षार जास्त, तिथे तांदूळ जोमात आंबतो आणि साके कडक होते. फुशिमीचं पाणी त्या मानाने मऊ, आंबायला वेळ घेतं, म्हणून साकेही मवाळ. लोखंड असलेलं पाणी साकेला अजिबात चालत नाही. जेवण झाल्यावर आम्ही गोकोनोमिया देवळात गेलो. इथला झरा सन ८६२ मध्ये फुटला आणि पाण्याला सुवास होता अशी आख्यायिका आहे. लोक कॅन घेऊन रांगेत उभे होते, आपल्याकडे टँकर आल्यावर असतात तसे, फक्त कुणी भांडत नव्हतं. मीही बाटली भरली. वास कसलाच नाही, पण घसा गार झाला.

शेवटी कोंबांचा भात, लोणचं, मिसोचं कढण. भात उरला तो त्यांनी मूठ वळून बांधून दिला. आज सकाळी तोच खाल्ला, वर पान नव्हतं.

परसातल्या तिरफळाला फुलोरा आला का? गणपतीत येईन तेव्हा घोस तयार असतील. बाबा, तुम्ही चढू नका, गेल्या वर्षीचा काटा अजून ठसठसतो म्हणालात. आकडी काढून ठेवा, मी काढीन.

तुमची,
बाय